कॅमेऱ्यासाठी कर्ज या हंगामात नको

प्रिय ताई,

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात राहते, वय २५. एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये कायम नोकरी आहे. माझ्याकडे निकॉन डी-५६००, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स आणि नंतर पगारातून घेतलेली ५० एफ १.८ एवढं सामान आहे. ओळखीच्या एका फोटोग्राफरबरोबर मदतनीस म्हणून काही लग्नांना गेले आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही येत नाही. नोकरी सोडून लग्नाची आणि पोर्ट्रेटची फोटोग्राफी पूर्णवेळ करायची आहे. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा आणि २४-७०, ७०-२०० या लेन्स घेण्यासाठी बँकेचं कर्ज काढावं असं मनात आहे. बाबा म्हणतात, कायम नोकरी सोडलीस तर पुन्हा मिळायची नाही. आईला रात्री उशिरा रिसेप्शनहून परतण्याची काळजी. कोणाचं काम बघून शिकू? सुरुवात कुठून करू? आणि फेब्रुवारीत चुलत बहिणीचं लग्न आहे. काका म्हणतात, घरची पोर असताना बाहेरचा फोटोग्राफर कशाला? हो म्हणू का?

व., डिचोली

प्रिय व.,

कर्ज काढू नकोस आणि नोकरी इतक्यात सोडू नकोस. पण ही वाट धरूच नकोस असं मी म्हणत नाही. तू जरूर धर. कर्जाला माझा विरोध आहे तो यासाठी की ज्या गोष्टीने तुझं काम उभं राहणार आहे ती दुकानात मिळत नाही, आणि हप्ते सुरू झाले की ती शिकायला सवड उरत नाही.

ती गोष्ट म्हणजे पुढच्या मिनिटाला काय घडणार आणि ते कुठून नीट दिसेल, हे आधीच ठाऊक असणं. लग्नाच्या फोटोग्राफीत मला याहून मोठं काही वाटत नाही. अंतरपाटाचंच घे. मंगलाष्टकं चालू असतात तोवर मांडवात सगळे जागच्या जागी उभे असतात. शेवटचं ‘शुभमंगल सावधान’ झालं की कापड बाजूला, अक्षता, वाजंत्री, हार, आणि मोबाइल धरलेले सगळे हात एकदम पुढे. नवरा-नवरीची पहिली नजरानजर त्या दोन-तीन सेकंदांत होऊन जाते. कापड कोणत्या बाजूला ओढणार हे ज्याने भटजींना आधी विचारून ठेवलंय, तो समोरच्या बाजूला कापडाच्या रेषेत गुडघा टेकून तयार असतो, त्याला दोघांचे चेहरे मिळतात. ज्याने विचारलेलं नाही त्याला कितीही महाग लेन्स लावली तरी मामाची पाठ मिळते. लाजाहोमाचंही तसंच. भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो तेव्हा धूर उठलेला असतो. प्रकाश धुराच्या पलीकडून येत असेल तर धुराचे पदर दिसतात. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ मारलास तर पांढरा पडदा येतो आणि चेहरे त्यामागे जातात. म्हणजे होम पेटण्याआधीच खिडकी किंवा दार कुठल्या दिशेला आहे ते बघून जागा धरायला हवी.

हे तू हिंदू लग्नांत थोडंफार पाहिलं असशील. माझं सांगणं आहे की ख्रिश्चन लग्नंही तितक्याच मनापासून शिक. रोसाच्या, म्हणजे लग्नाआधीच्या न्हाणाच्या वेळी नारळाचं दूध आधी कोण लावतं, चुडो, म्हणजे नवरीच्या बांगड्या भरायला काकणकार कुठे बसते, चर्चमध्ये पाद्री फोटोग्राफरला कुठपर्यंत येऊ देतात आणि फ्लॅश कधी चालत नाही, रिसेप्शनला टोस्ट कोण म्हणणार आणि त्या वेळी आईवडील कुठे उभे असतील, हे सगळं आधी जाऊन विचारायचं असतं. त्यात पोटापाण्याचाही हिशेब आहे. चातुर्मासात आपल्याकडे मुहूर्त नसतात, व्हडल्या दिवाळीनंतर, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर हंगाम उघडतो, मग डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धनुर्मासात पुन्हा खंड पडतो. नेमकं नाताळ झाल्यावर, नाताळाआधीचा आगमनकाळ संपला की ख्रिश्चन लग्नांची गर्दी सुरू होते आणि ईस्टरआधीचा उपासकाळ लागेपर्यंत चालते. उपासकाळात ती थांबतात तेव्हा आपले मुहूर्त चालू असतात. दोन्हीकडची कामं करणाऱ्या माणसाचे महिने गोव्यात कसे भरतात, ते एकदा कॅलेंडर समोर घेऊन बाबांबरोबर बसून बघ.

आता कोणाचं काम पाहायचं. तू पत्रात ज्या मोठ्या शहरांतल्या लग्न-फोटोग्राफरांची नावं लिहिलीस ती इथे छापत नाही, पण त्यांची रील बघून तुला ठरावीक पोझ आणि ठरावीक रंग मिळतील, एवढंच. पोर्ट्रेट शिकायला पणजीला जा. फोंताइन्यशमध्ये फुंदासाव ओरिएंत या संस्थेकडे आंतोनियु शाव्हिएर त्रिंदाद यांची चित्रं कायम मांडलेली आहेत. हा आपल्या सांग्यात १८७० साली जन्मलेला माणूस, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला आणि पुढे तिथेच शिकवू लागला. त्यांना पूर्वेचा रेम्ब्रां म्हणत. त्यांनी रंगवलेले घरातल्या माणसांचे, पत्नीचे चेहरे बघ. प्रकाश कुठून येतोय, सावलीतल्या गालावर किती उजेड ठेवलाय, हात कुठे आहेत, मागचा भाग किती अंधारात जाऊ दिलाय, ते वहीत उतरवून घे. स्टुडिओत ज्याला रेम्ब्रां लाइट म्हणतात, सावलीकडच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण, तो तिथे उभं राहून कळतो तसा व्हिडिओतून कळत नाही. सीमेपलीकडे सावंतवाडीत जन्मलेले एस. एल. हळदणकर हे दुसरे. हातातल्या दिव्यावर तळवा धरून उभी असलेली बाई, हे त्यांचं जलरंगातलं चित्र तू कॅलेंडरवर नक्की पाहिलं असशील. मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि त्यासाठी उभी राहिली होती ती त्यांची मुलगी. बोटांच्या फटींतून लाल झालेला प्रकाश, चेहऱ्यावर खालून आलेली ऊब. आपल्याकडे ओवाळणीचं तबक रोज दिसतं, पण ट्यूबलाइट बंद करून ओवाळणी टिपायची हिंमत फार थोडे करतात. यजमानांना विचारून ती एकदा कर.

फोटोग्राफरांतून दोनच नावं देते. होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. १९१३ साली नवसारीत जन्मल्या, पुढे दिल्लीत स्वातंत्र्याच्या काळातले प्रसंग त्यांनी टिपले, २०११ साली पद्मविभूषण मिळालं. स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स हे कॅमेरे घेऊन त्या पुरुषांच्या गर्दीत उभ्या राहत. तेव्हा फिल्म मोजून वापरायची, त्यामुळे बटण दाबण्याआधी प्रसंग ओळखावाच लागे. मी म्हणते ते आधी ठाऊक असणं त्यांच्या फोटोंत जागोजागी दिसतं. दुसरे गौतम राजाध्यक्ष. त्यांचे चेहरे बघच, पण त्यांची वाटही बघ, कारण ती तुझ्या प्रश्नाला धरून आहे. ते रसायनशास्त्राचे. मग लिंटास या जाहिरात कंपनीत नोकरी. १९८०च्या सुमारास नट-नट्यांचे फोटो काढू लागले आणि १९८७ साली नोकरी सोडून पूर्णवेळ फोटोग्राफर झाले. मधली वर्षं नोकरी चालूच होती. तूही प्रयोगशाळेतली आहेस. नोंदी ठेवायची, एकाच गोष्टीत बदल करून बाकी तसंच ठेवून बघायची तुला सवय आहे. खिडकीपासून दोन फुटांवर चेहरा, मग चार फुटांवर, मग सहा, असा सराव तू इतरांपेक्षा नीट करशील.

त्या सरावासाठी जागाही आपल्याकडे आहेत. जुन्या घरांचं राजांगण पोर्ट्रेटसाठी मला फार आवडतं. मधून उघडं, त्यामुळे वरून मऊ उजेड येतो. पण माणसाला तुळशीपाशी मधोमध उभं केलंस तर डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते. त्याला भोवतालच्या पडवीत, कडेपासून हातभर आत घे आणि तोंड अंगणाकडे कर, डोळे उजळतात. शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी कुठे सापडली तर तिथे अख्खी दुपार काढ. उन्हाचा कडकपणा त्या शिंपल्यातच मरतो. मळ्यातल्या, झाडांतल्या फोटोंत हिरवा रंग त्वचेवर येतो आणि चिऱ्याच्या उघड्या भिंतीजवळ तांबूस झाक येते, तेही याच सरावात ध्यानात येईल.

आणि अंतर. चेहरा कसा दिसतो हे लेन्सपेक्षा तू किती लांब उभी आहेस त्यावर ठरतं. अगदी जवळून काढलास तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले. दीड-दोन मीटरवर उभी राहा. तुझी ५० लेन्स तुझ्या कॅमेऱ्यावर फुल फ्रेमच्या ७५सारखी चालते, म्हणजे तेवढ्या अंतरावरून खांद्यापर्यंतचं पोर्ट्रेट बरोबर बसतं. पोर्ट्रेटसाठी तुला आज काहीही विकत घ्यायची गरज नाही.

लग्नाचं मात्र वेगळं आहे, आणि तिथे तुझ्या कॅमेऱ्याची खरी उणीव मेगापिक्सेलची नाही. २४ पुरे आहेत. उणीव ही की त्यात मेमरी कार्डाची जागा एकच आहे. कार्ड गेलं तर लग्न गेलं, ते पुन्हा लागत नाही. म्हणून स्वतःच्या नावावर मुख्य फोटोग्राफर म्हणून ऑर्डर घेशील त्या दिवसापासून प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिणारा कॅमेरा हवा. सेकंड शूटर म्हणून, म्हणजे मुख्य फोटोग्राफरच्या जोडीला जाताना सध्याचा चालेल. तुझ्या जागी मी असते तर पुढल्या हंगामाआधी जुना, पण नीट तपासलेला डी-७५० घेतला असता. तो २०१४चा आहे, फुल फ्रेम, दोन कार्डांचा, आणि तुझी ५० त्यावर जशीच्या तशी बसते. निकॉनने त्याच्या शटरची क्षमता दीड लाख क्लिकची धरली होती, तेव्हा विकत घेताना शटर काउंट विचार आणि पडताळून बघ. डी-५६०० दुसरा कॅमेरा म्हणून खांद्यावर राहील. पुढे कधी निकॉनच्या मिररलेसवर गेलीस तर अडॅप्टर लावून ५० तिथेही चालेल. मिररलेसचं मला पटणारं कारण चर्चमधलं आहे, आवाज न करता फोटो काढता येतो. पण त्या मूक शटरवर एलईडी दिव्यांत फोटोभर आडवे पट्टे येतात, हेही आधी माहीत असू दे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवलास तर बऱ्याच हॉलमध्ये त्रास टळतो. फक्त माणसं नाचत नसावीत.

७०-२०० हवी असेल तेव्हा भाड्याने आण. चर्चमध्ये मागे उभं राहावं लागतं तेव्हा ती लागते, एरवी मुहूर्ताच्या गर्दीत ती काढायलाही जागा नसते. आता घ्यायचंच असेल तर एक चांगला फ्लॅश घे आणि तो सरळ चेहऱ्यावर न मारता छतावर किंवा भिंतीवर मारून उजेड परतवायला शीक. फ्लॅश छताला मारा असं सगळे व्हिडिओ सांगतात. आपल्याकडे कौलारू घरांत मारायला पांढरं छतच नसतं. उजेड काळ्या वाशांत जाऊन नाहीसा होतो. तिथे बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर मार. देवळाच्या हॉलच्या भिंती पिवळ्या किंवा गुलाबी असतील तर तो रंग नवरीच्या चेहऱ्यावर येणार, म्हणून आधी एक फोटो काढून बघ आणि रंग नंतर सुधारता येतो अशा रॉ फाइलमध्येच काढ. रिसेप्शनच्या जांभळ्या दिव्यांपुढे रॉसुद्धा फार काही करू शकत नाही. लाइटवाल्याला जाऊन नम्रपणे सांगायचं की जोडपं स्टेजवर असेपर्यंत चेहऱ्यावर पांढरा ठेवा. ऐकतात.

पावसाळ्यात सामान कपाटात ठेवू नकोस. चार महिन्यांच्या ओलीत लेन्सच्या आत बुरशीचे धागे धरतात आणि एकदा धरले की कोटिंगपर्यंत खातात. ड्राय कॅबिनेट नाही जमलं तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आतला ओलावा दाखवणारं छोटं मीटर, काटा ४० ते ५० टक्क्यांत. एसी खोलीतून थेट बाहेर काढलास तर काचेवर दव जमतं. मुहूर्ताआधी अर्धा तास पिशवी बाहेर ठेव. ड्रोनचा विचार यंदा नकोच. २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायला २०२१च्या नियमांनुसार रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, शिवाय दाबोळीला नौदलाचा तळ असल्याने आपल्याकडे आकाशाचे निर्बंधही आहेत.

आता वाट. पुढले दोन हंगाम सुट्टीच्या दिवशी सेकंड शूटर म्हणून जा, आणि एकाच फोटोग्राफरबरोबर नको. एक दक्षिण गोव्यातला, ख्रिश्चन लग्नं करणारा, असा धर. पैसे थोडे मिळतील, पण फुकट जाऊ नकोस. फोटोग्राफरला आधीच विचार की त्या दिवशीचे तू काढलेले फोटो तुझ्या कामाचा नमुना म्हणून दाखवता येतील का. तुझ्या आईची काळजी मी हलकी मानत नाही. रिसेप्शन संपायला मध्यरात्र होते आणि सामान घेऊन स्कूटरवर एकटीने यायचं नाही. येण्या-जाण्याची सोय टीमच्या गाडीतून, हे काम घेतानाच बोलून घ्यायचं. नाही म्हणणाऱ्याचं काम सोडून दे. शिवाय दिवसाची कामं कमी नाहीत: हळद, चुडो, मुहूर्त, मुंज, बारसं. नवरीच्या खोलीत तयारीच्या वेळी बाई फोटोग्राफर असली की घरच्यांना मोकळं वाटतं, आणि साडीची निरी धरणाऱ्या आईचा फोटो तुला मिळतो जो कुठल्याच पुरुष फोटोग्राफरला मिळत नाही. ही तुझी मोठी जमेची बाजू आहे. ती दरातही दिसू दे.

पावसाळा रिकामा जाईल असं समजू नकोस. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला मुंबई-पुण्याची, परदेशातली सगळी माणसं मूळ घरी येतात. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या छताखाली अख्ख्या कुटुंबाचा फोटो, आणि त्याच दिवशी घरातल्या थोरांची एकेकाची पोर्ट्रेट, असं काम तू डिचोली-साखळीत सुरू केलंस तर मला मनापासून आनंद होईल. कितीतरी घरांत आजोबांचा एकच फोटो असतो, तोही कुणाच्या लग्नातल्या गर्दीतून कापून मोठा केलेला. ग्रुप काढताना अ‍ॅपर्चर एफ ८च्या आसपास ठेव, मागची रांग धूसर होऊ देऊ नकोस, आणि म्हाताऱ्या माणसांना आधी खुर्ची दे.

नोकरी कधी सोडायची? एका हंगामाच्या ऑर्डरींचा अ‍ॅडव्हान्स हातात असेल, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल आणि दोन कार्डांचा कॅमेरा स्वतःच्या पैशाचा असेल तेव्हा. बाबांना तारीख सांगू नकोस, या तीन अटी सांग. धंदा मोठा झाला आणि खरंच गरज पडली तर मुद्रा कर्ज आहे, ईडीसी या गोव्याच्या आर्थिक विकास महामंडळाची मुख्यमंत्री रोजगार योजना आहे. ती दारं बंद होत नाहीत. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही, पण पहिल्या रुपयापासून हिशेब लिही.

आणि प्रत्येक ऑर्डरला कागद कर, नातलगांचं काम असलं तरी. किती तास, किती माणसं, अल्बमची पानं, डिलिव्हरी कधी, अ‍ॅडव्हान्स किती. त्यात एक ओळ विसरू नकोस. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो, फोटोग्राफर नव्हे. म्हणजे नवरीचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकायची परवानगी लेखी घेतलीच पाहिजे. कायद्याचं सोडलं तरी ती विचारायला हवी असं मला वाटतं. हळदीच्या दिवशी ओल्या केसांनी बसलेल्या मुलीने तो चेहरा तुझ्या भरवशावर कॅमेऱ्यापुढे ठेवलेला असतो. कार्ड अल्बम हाती पडेपर्यंत पुसू नकोस, आणि फोटोंच्या दोन हार्ड डिस्क करून एक दुसऱ्या घरी ठेव.

राहिलं फेब्रुवारीचं लग्न. काकांना नाही म्हण, आणि लवकर म्हण, म्हणजे त्यांना चांगला फोटोग्राफर ठरवायला वेळ मिळेल. एक कार्ड, एकच जोडी हात आणि त्यात घरची करवली: मुहूर्ताच्या वेळी तुला बहिणीच्या मागे उभं राहायला बोलावतील आणि तू अंतरपाटाच्या रेषेत असायला हवी असशील. दोन्ही होणार नाही. त्यापेक्षा जो फोटोग्राफर ठरेल त्याला स्वतः फोन कर, तू कोण ते सांग, आणि नवरीच्या खोलीतली तयारी तेवढी मी काढू का, असं विचार. त्याने हो म्हटलं तर ५० लेन्स लाव, खिडकीकडची खुर्ची बहिणीला दे, मोबाइलवरच्या ट्यूबलाइटी फोटोंचा हट्ट धरणाऱ्या मैत्रिणींना अर्धा तास बाहेर बसव, आणि काकूला त्या खोलीत थांबायला सांग.